शिरोळच्या आईचा प्रश्न



मोठे प्रश्न मोठी माणसं विचारतात, असा आपला एक समज असतो. मी कोण, कुठून आलो, मेल्यावर कुठे जाणार, देव आहे तर मग एवढं दुःख का, हे प्रश्न काशीच्या पंडितांचे किंवा विद्यापीठातल्या प्राध्यापकांचे. आपण आपलं मार्गशीर्षात सप्ताहाला बसावं, पौर्णिमेला पाळणा म्हणावा, सुंठवडा घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला जावं. मला हे कधी पटलं नाही. कठोपनिषदात यमाच्या दारात तीन दिवस उपाशी बसून ‘मेल्यावर माणूस असतो की नसतो’ असं विचारणारा नचिकेत हा शाळकरी वयाचा पोरगा आहे. आणि त्याचा प्रश्न ऐकल्यावर प्रत्यक्ष यमसुद्धा टाळाटाळ करतो. म्हणतो, बाळा, देवांनाही याचा संशय होता, तू दुसरं काहीतरी माग. हत्ती घे, घोडे घे, सोनं घे, शंभर वर्षं जगणारी नातवंडं घे, पण हे विचारू नकोस.

आमच्या कुरुळीतही हे प्रश्न रोज विचारले जातात. भाषा वेगळी असते इतकंच. पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला ज्यांची ज्वारी-बाजरी आणि कांदा डोलायचा, त्या शेतांवर आता पत्र्याचे शेड आहेत. गुंठ्यागुंठ्यानं जमीन गेली. सात-बाऱ्यावरचं नाव गेलं. एक आजोबा मला एकदा म्हणाले, “बंगला झाला, गाडी झाली. पण सकाळी उठल्यावर जायचं कुठं, तेच कळत नाही. आता मी कोण रे?” वेदान्ताच्या ग्रंथात ‘कोऽहम्’ म्हणून जे लिहिलेलं असतं ते याहून वेगळं काय आहे? मराठवाड्यातून आलेला, दहा बाय दहाच्या खोलीत चौघांत राहणारा कंत्राटी पोरगा तिसरी पाळी करून येतो आणि चहाच्या टपरीवर विचारतो, “काका, रोज तोच बोल्ट आवळायचा. कशासाठी चाललंय हे सगळं?” त्याला हसण्यावारी नेऊ नये.

पण मला आज ज्या प्रश्नाबद्दल लिहायचं आहे तो सगळ्यात अवघड. आणि तो आपल्या गुरुचरित्रातच आहे. सात दिवसांच्या पारायणात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो येतो, आणि तोवर पाय आखडलेले असतात, अध्याय पुरे करायची घाई असते, म्हणून पुष्कळदा आपल्या जिभेवरून निसटून जातो. मी विसाव्या आणि एकविसाव्या अध्यायाबद्दल बोलतो आहे.

कथा सगळ्यांना ठाऊक आहे. शिरोळ गावची एक ब्राह्मण स्त्री. तिची मुलं जन्मतात आणि मरतात. मागच्या जन्मी एका ब्राह्मणाचे शंभर रुपये बुडवले, तो पिशाच होऊन पाठीशी लागला आहे, असं कारण तिला सांगितलं जातं. ती कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ औदुंबराची सेवा करते, गुरूंच्या पादुकांना शरण जाते, स्वप्नात वर मिळतो, दोन मुलं होतात. इथपर्यंत सगळं ठीक. मग घरात मुलांच्या संस्काराची तयारी चाललेली असताना एका मुलाला धनुर्वात होतो आणि तो जातो.

आता पुढचं नीट पाहा. ती आई प्रेत सोडत नाही. लोक समजावतात, तिला पटत नाही. तेवढ्यात एक ब्रह्मचारी येतो आणि तिला ज्ञान सांगतो. देह पंचभूतांचा, पाण्यावरचा बुडबुडा, कोण कुणाचा मुलगा आणि कोण कुणाची आई, पूर्वजन्मीच्या ऋणानुबंधानं एकत्र येतात आणि जातात, देव असोत की ऋषी, काळ कुणाला चुकलेला नाही. यातलं एक अक्षर चुकीचं नाही. आपण मयताच्या घरी जाऊन जे बोलतो तेच, फक्त जास्त चांगल्या ओव्यांत.

आणि ती बाई ते सगळं ऐकून घेऊन उलट उत्तर देते. तिच्या म्हणण्याचा अर्थ असा: महाराज, तुम्ही सांगता ते खरं असेल, पण माझं मन त्यानं थांबत नाही. आणि सगळं प्रारब्धानंच होणार असेल, तर मग देवाला भजायचं कशाला? परिसाला लोखंड लागलं आणि तरी त्याचं सोनं झालं नाही, तर परिसाला परीस कोण म्हणेल? मला गुरूंनी शब्द दिला होता. तो शब्द खोटा झाला तर यापुढे कोण विश्वास ठेवील?

मी हा भाग पहिल्यांदा लक्ष देऊन वाचला तेव्हा पोथी बाजूला ठेवली होती. प्रारब्ध खरं, तर भक्ती कशाला. आणि भक्ती खरी, तर प्रारब्धाचं काय. जगातल्या सगळ्या धर्मांच्या तत्त्वज्ञांनी या प्रश्नाभोवती शेकडो वर्षं फेऱ्या घातल्या आहेत. सरस्वती गंगाधरांनी तो एका पोर गेलेल्या बाईच्या तोंडी घातला. आणि पुष्कळ घरांत अजूनही सांगतात की बायकांनी गुरुचरित्र वाचू नये! त्यामागची कारणं सांगणारे सांगतात, मला त्या वादात शिरायचं नाही. पण त्या ग्रंथातला सर्वात मोठा प्रश्न एका बाईचा आहे, एवढं त्यांनी एकदा मोजून घ्यावं.

यानंतर ब्रह्मचारी काय करतो? तो तिला पापी म्हणत नाही, अश्रद्ध म्हणत नाही. आणखी वेदान्तही सांगत नाही. तो म्हणतो, जिथे तुला शब्द मिळाला तिथेच जा, हे प्रेत घेऊन जा आणि तिथेच विचार. ती जाते, पादुकांवर डोकं आपटते. रात्र होते, लोक कंटाळून निघून जातात. पहाटेच्या सुमारास मुलगा भूक लागली म्हणून उठतो. आणि सिद्ध नामधारकाला सांगतात की तो ब्रह्मचारी म्हणजे श्रीगुरूच होते.

म्हणजे श्रीगुरू स्वतः येऊन ज्ञान सांगून पाहतात, आणि आईच्या दुःखापुढे ते ज्ञान कमी पडतं हे मान्य करतात. ग्रंथ तिची बाजू घेतो. आपण मात्र पारायण संपलं की पुन्हा त्या ब्रह्मचाऱ्याचं पहिलं भाषण घेऊन लोकांच्या घरी जातो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एका घरातला एकुलता एक मुलगा हायवेवर गेला. दुचाकी, मागून ट्रेलर, रात्रीची वेळ. तपशिलात जात नाही, या रस्त्यावर राहणाऱ्या कुणालाच तो सांगावा लागत नाही. दहाव्याला इंद्रायणीच्या काठी प्रवचन होतं. बुवा चांगले होते, पाठांतर उत्तम, मनानंही वाईट नव्हते. त्यांनी अवधूताच्या चोवीस गुरूंतला कपोत घेतला. कबुतराचं जोडपं, पिलांवर फार जीव, पारध्यानं जाळं टाकलं, पिलं अडकली, आई त्यात गेली, आणि बाप विचार न करता स्वतःच जाळ्यात शिरला. तात्पर्य, अतिस्नेह करू नये. मुलाची आई पुढेच बसली होती. ती डोक्यावरचा पदर सावरत उठली आणि म्हणाली, “म्हाराज, त्या बापानं काय करायला पाहिजे होतं? उडून जायला पाहिजे होतं का?”

सगळा घाट गप्प झाला. बुवांनी ‘माऊली, माऊली’ म्हणत हात जोडले आणि अभंग घेतला.

तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. मी घरी येऊन एकादश स्कंध काढला, नाथांच्या टीकेसह. भागवतात ही चोवीस गुरूंची कथा एकादश स्कंधाच्या सातव्या, आठव्या आणि नवव्या अध्यायांत आहे. मूळ श्लोकांत त्या अवधूताचं नाव दिलेलं नाही, आपली परंपरा त्याला दत्तात्रेय मानते. आपण रोज म्हणतो ती दत्ताची आरती नाथांची. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे, आणि दत्तभक्त. नाथांनी या स्कंधावरची टीका पैठणला सुरू केली आणि शके १४९५, म्हणजे १५७३ साली काशीत पुरी केली.

वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. अवधूत हे चोवीस गुरू कुणाला सांगतो? यदु राजाला. आणि का सांगतो? यदुनं विचारलं म्हणून. सगळं जग वणव्यात होरपळतंय आणि तुम्ही गंगेत उभ्या असलेल्या हत्तीसारखे थंड कसे, असा राजाचा प्रश्न आहे. तो धडधाकट आहे, सुखात आहे, सवडीनं उभा आहे, हात जोडून विचारतो आहे. त्याला कपोताची गोष्ट सांगणं वेगळं. ज्याची पिलं आत्ता जाळ्यात आहेत त्याला ती सांगणं वेगळं. अवधूतानं ती गोष्ट पाहिली तेव्हा तो झाडाखाली उभा होता, कबुतराला तो काही बोलायला गेला नाही. पाहिलं, स्वतःपुरतं शिकला, पुढे गेला.

ही सगळी कथा पुन्हा श्रीकृष्ण उद्धवाला सांगतात, आणि तो प्रसंगही हलका नाही. सातव्या दिवशी समुद्र द्वारका बुडवणार आहे, यादवकुळ संपणार आहे, हे देवांनी आधी उद्धवाला सांगितलंय. बुडत्या गावात बसून झालेलं हे बोलणं आहे. म्हणून ते इतकं धारदार आहे. पण तिथेही उद्धवानं विनवणी केली आहे, मला हे झेपत नाही, मला समजेल असं सांगा. म्हणजे दोन्हीकडे विचारणारा आधी आहे. न विचारता सांगितलेलं ज्ञान आणि न मागता दिलेला मार, दोन्ही लागायला सारखेच.

चोवीस गुरूंबद्दल आणखी थोडं लिहितो, कारण माझा त्यांच्यावर जीव आहे. त्यात पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी आहेत, अजगर, समुद्र, कोळी आहेत, पिंगला नावाची वेश्या आहे, हातातल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून एकेकच ठेवून साळी कांडणारी कुमारिका आहे. यादी बारकाईनं पाहिली तर त्यात पंडित एकही नाही. आश्रम नाही, पीठ नाही. आणि एक कारागीर आहे, बाण करणारा. तो बाण सरळ करण्यात एवढा गढला आहे की राजाची मिरवणूक वाजतगाजत शेजारून गेली तरी त्याला पत्ता नाही. माझी नोकरी टूलरूमला झाली. सरफेस ग्राइंडरवर दोन मायक्रॉनसाठी डायलच्या काट्याकडे पाहत उभं राहिलं की बाहेर पाऊस आला की गेला हे कळायचं नाही. त्यामुळे हा गुरू मला पोथीतला वाटत नाही, शेजारच्या मशीनवरचा वाटतो. एकाग्रता म्हणजे काय ते मला आधी लोखंडानं शिकवलं, जपमाळ नंतर आली.

तरी त्या कंत्राटी पोराला मी हा दाखला दिला नाही. शरकाराचा बाण त्याचा स्वतःचा होता, किती वेळ लावायचा ते तो ठरवत होता. लाइनवर मिनिटाला एक गाडी पुढे सरकते, तिथे गढून जायला जागाच नसते. ‘काम हीच पूजा’ असं भिंतीवर रंगवणं सोपं आहे. असो.

आता मूळ अडचणीकडे येतो. शिरोळच्या आईचा मुलगा उठला. आमच्या घाटावरच्या आईचा उठणार नाही. मग तिला गुरुचरित्र काय देणार? काही भाविक म्हणतील, श्रद्धा हवी, नाही तर कमी पडली असेल. हे वाक्य मी दोनदा ऐकलं आहे, दोन्ही वेळा चांगल्या माणसांच्या तोंडून, आणि इतकं क्रूर वाक्य दुसरं नसेल. मुलगाही गेला, आणि वर दोष तिच्याच पदरात.

बुद्धचरित्रात किसा गोतमीची गोष्ट आहे. तीही मेलेलं मूल घेऊन दारोदार औषध मागत फिरते. भगवान बुद्ध तिला म्हणतात, ज्या घरात कधी कुणी मेलं नाही अशा घरातून चिमूटभर मोहरी आण. ती गावभर फिरते, मोहरी प्रत्येक घरात आहे, पण तसं घर नाही. शेवटी ती मुलाला स्मशानात ठेवते. यातही पाहा, बुद्धांनी ‘सर्व अनित्य आहे’ हे तिला तोंडानं आधी सांगितलं नाही. तिला चालायला लावलं. दारं वाजवायला लावली. प्रत्येक दारात कुणीतरी तिला आपलं मयत सांगितलं असणार, ती थोडा वेळ टेकली असणार, पाणी प्यायली असणार. तिच्यात जो बदल झाला तो वाक्यानं झाला की त्या दारांनी झाला? मला वाटतं दारांनी. मूल परत मिळण्याची आणि न मिळण्याची अशा या दोन गोष्टी, पण दोन्हीत गुरूनं आईला चालायला लावलं आहे आणि दोन्हीत तिचं बोलणं थांबवलेलं नाही.

आणि ज्ञानी माणसानं रडू नये, हे तरी कुठे लिहिलं आहे? आमच्या गावापासून आळंदी जवळ. १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानोबा माऊलींनी तिथे समाधी घेतली. त्या प्रसंगाचे नामदेवरायांचे अभंग आहेत. त्यांत निवृत्तिनाथांची काय अवस्था झाली ते नामदेवांनी सांगितलंय. निवृत्तिनाथ नुसते थोरले भाऊ नव्हते, ज्ञानदेवांचे गुरू होते. नाथपंथाचं ज्ञान त्यांच्याकडूनच पुढे आलं. आत्मा मरत नाही हे त्यांना कुणी शिकवायचं? तरी धाकट्या भावाला समाधीच्या जागी नेताना त्यांचा बांध फुटला. परंपरेनं हे झाकून ठेवलं नाही. उलट दर कार्तिकीला, सातशे वर्षांहून जास्त काळ झाला तरी, संजीवन समाधीच्या कीर्तनाला लाखभर माणूस ते आठवून डोळे पुसतं. ज्ञान आणि अश्रू यांचं वैर आहे ही कल्पना आपली, संतांची नाही.

दुसरा दाखला आणखी जवळचा. चाकणच्या पश्चिमेला शिंदे-वासुलीकडे भामचंद्राचा डोंगर आहे. खाली आता कंपन्यांचे शेड, कंटेनरच्या रांगा. डोंगरात लेणी आहेत. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. देहूच्या वाण्याचं घर, सावकारी, दुकान, सगळं त्यात बसलं. तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, हे त्यांनी स्वतः अभंगात सांगितलं आहे, आणि त्याची लाज वाटली असंही सांगितलं आहे. मुलगा गेला. गुरंढोरं गेली. त्यांच्यासाठी पहाटे कुणी उठून बसलं नाही, औदुंबराखाली कुणाचा हात फिरला नाही.

मग ते या डोंगरावर येऊन बसले. पंधरा दिवसांचा उल्लेख आहे. पंधराव्या दिवशी काय झालं याचीच आपण कीर्तनं करतो. मला पहिल्या चौदा दिवसांचं कुतूहल वाटतं. तिथे समोर बायको नव्हती, पोर नव्हतं, समजावणारं कुणी नव्हतं. साप-विंचू अंगावरून जात होते म्हणतात. उत्तर नसलेला माणूस आणि गप्प डोंगर. खाली उतरल्यावर तुकोबांनी काय केलं? लोकांकडून येणं असलेली कर्जखतं, आपल्या वाट्याची, इंद्रायणीत सोडून दिली, अशी देहूची परंपरा सांगते. दुष्काळात दुसऱ्याच्या घरातही कुणीतरी अन्न अन्न करत गेलं असेल, त्याच्या दारात आता वसुलीला जायचं नाही. ‘माझी बायको का मेली’ या प्रश्नाचं उत्तर तुकोबांना मिळालं की नाही, मी सांगू शकत नाही. विठ्ठल मिळाला असं ते सांगतात, आणि मी त्यावर विश्वास ठेवतो. पण कागद पाण्यात गेले आणि कित्येक कुळं मोकळी झाली, एवढं तर विश्वास न ठेवणाऱ्यालाही दिसतं.

इथे प्रारब्धाबद्दल एक रोखठोक बोललं पाहिजे, कारण आमच्या पट्ट्यात या शब्दाचा फार वापर होतो. पॉवर प्रेसवर पोराची बोटं जातात. एक, दोन, कधी चारही. मशीनला दोन हातांची बटणं असतात, म्हणजे दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये. सेन्सर असतो, मध्ये हात आला की मशीन थांबावं. उत्पादन वाढावं म्हणून कुठे एक बटण बांधून ठेवतात, कुठे सेन्सर बंद असतो. बोटं गेली की पोरगा गावाकडे जातो आणि मागे राहिलेले म्हणतात, त्याचं प्रारब्ध. मी अनेक वर्षं मशीनजवळ उभा राहिलेला माणूस आहे आणि सांगतो, त्या सेन्सरची वायर प्रारब्धानं कापलेली नसते. पोरगा स्वतः म्हणाला ‘माझं नशीब’, तर त्याला ते म्हणू द्यावं, त्याला उद्या उठायला तेवढा आधार लागतो. पण तेच वाक्य सुपरवायझर म्हणाला, मालक म्हणाला, किंवा आपण देवळात बसून म्हणालो, की ते पळवाट होतं. शिरोळच्या आईनं नेमकं यावरच बोट ठेवलंय. सगळं प्रारब्धावर सोडायचं तर देवाची गरज नाही, आणि मी म्हणतो माणसांचीही नाही.

आता कुणी मलाच विचारेल, बाबा, तुझं स्वतःचं मत काय? मेल्यावर काय होतं? चाळीसेक पारायणं झाली असतील माझी. पुनर्जन्म मी मानतो, सवयीनं म्हणा, संस्कारानं म्हणा. पण तो पाहिला आहे असं छातीला हात लावून सांगता येत नाही, आणि जे पाहिलं नाही ते दुसऱ्याच्या जखमेवर औषध म्हणून लावायला हात धजत नाही. अवधूत चोवीस गुरू मोजून झाल्यावर स्वतःच्या देहालाही गुरू म्हणतो. हा देह आपला नाही, शेवटी दुसऱ्यांचाच, असं समजून तो हिंडतो. साठी उलटल्यावर हा पंचविसावा गुरू रोज सकाळी शिकवणी घेतो, गुडघ्यांपासून सुरुवात करून. एवढ्यापुरतं मला कळतं.

आणि एक नाव कळतं. दत्त म्हणजे दिलेला. अत्रींनी मागितलं, तेव्हा देव म्हणाले, मी मलाच देऊन टाकलं, म्हणून हे नाव, असं भागवत सांगतं. मला त्या नावात या सगळ्या प्रश्नांची दुसरी बाजू दिसते. आपला जन्म आपण अर्ज करून घेतलेला नाही, तो दिला गेला. पोरगं आपण कमावलेलं नसतं, ते दिलेलं असतं. काढून का घेतलं, हा प्रश्न फार मोठा आहे आणि तो विचारायचा हक्क आईचा आहे. पण दिलं का, हेही तितकंच न कळणारं आहे, आणि ते आपण बारशाला कधी विचारत नाही. मी हे तिला म्हणालो नाही. कधी तिनं विचारलं तर म्हणेन.

ती अजून पारायणाला येत नाही. तिचा नवरा येतो, मागे भिंतीला टेकून बसतो, आरतीला उभा राहतो. दहाव्यानंतर पहिले काही महिने बायका आळीपाळीनं तिच्याकडे जात होत्या. कुणी भाकरी टाकून यायच्या, कुणी नुसत्या निवडायला डाळ घेऊन बसायच्या. त्यातल्या एकीला मी विचारलं, काय बोलता तिच्याशी? ती म्हणाली, “काय बोलायचं? ती त्याचे कपडे काढून पुन्हा घडी घालती. आम्ही पण घालू लागतो.” गेल्या चैत्रात तिनं ते कपडे, तीन शर्ट, दोन पँटी आणि कंपनीचे बूट, आमच्या मागच्या चाळीतल्या एका बिहारी पोराला दिले. बूट त्याला एक नंबर मोठे होतात. तो आत कापूस घालून वापरतो.